दुसरा टॅलीवाला कुठाय?

मागल्या अंकात आपल्याच एका मित्रानं ठणकावून लिहिलंय, की चळवळ आता मोबाइलवर आलेली आहे आणि जे अजून चौकात उभं राहून घसा खरवडतात त्यांनी घरी जाऊन झोपावं. तो लेख मी सेकंड शिफ्ट सुटल्यावर गोदीच्या गेटबाहेर चहाच्या टपरीवर वाचला. हाताला ग्रीस होतं, ते पानाला लागलं. डाग अजून आहे. मित्रा, जयभीम. तुझ्याशी भांडायचंय.

चळवळ आली म्हणतोस. मला दिसतेय ती हमाली. बिनपगारी, बिनहजेरीची, रात्रपाळीची हमाली. आणि ती करतायत आपलीच पोरं, आपल्याच खिशातून रिचार्ज मारून.

हमाली म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. मी बंदरात कंत्राटी कामगार आहे. लोखंडाच्या कॉइली, पाइप, मशिनरी, जे येईल ते. शिक्षण दहावी; आमचा आजा अजून त्याला मॅट्रिक म्हणतो आणि चारचौघांत सांगताना उगाच खाकरतो. कविता लिहितो. मोबाइल माझ्याकडेही आहे, आणि पोरं मोबाइलनं बिघडली म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांच्या रांगेत मी उभा नाही. ज्यांच्या बापजाद्यांना पाटीपेन्सिल मिळू दिली नाही त्यांच्या हातात छापखाना, रेडिओ आणि सिनेमा एकदम आला, तर ते चोवीस तास त्याला चिकटून बसणारच. बसावंच. माझं भांडण यंत्राशी नाही, मोजणीशी आहे.

आजा ह्याच बंदरात होता. त्याच्या आधीच्या लोकांना मुकादम पहाटे गेटवर उभं करायचा आणि बोट दाखवून माणसं उचलायचा. बोट पडलं तर काम, नाय तर चालायला लाग. मग १९४८ चा गोदी कामगारांचा कायदा आला, बोर्ड आलं, रजिस्टर आलं, माणसाला नंबर आला. जहाज नसलं तरी हजेरी लावल्याचे पैसे आले. कुणाच्या बापानं दान दिले नव्हते ते. भांडून घेतले होते. १९९४ साली ते बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विरघळलं. आज मी परत गेटवर आहे. मुकादमाचं बोट आता व्हॉट्सॲपवर येतं, एवढाच फरक.

आज्यानं मला गोदीचा एक धडा दिला, तो असा. जहाजातून माल उतरतो तेव्हा मोजणारे दोन असतात. एक जहाजाच्या बाजूचा, एक धक्क्यावरचा. दोघं आपापल्या कागदावर रेघा ओढतात, चार उभ्या आणि एक आडवी. पाळी संपली की दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. जुळले तर सही. नाही जुळले तर भांडण, पण भांडायला आपल्या हातात कागद असतो. आजा म्हणतो, ‘जिथं टॅलीवाला एकच आसंल तिथं तू कितीबी गोणी वाहा, त्यो म्हनंल तितक्याच.’

आता ॲप उघड मित्रा, आणि मला दुसरा टॅलीवाला दाखव.

घरापासून सुरू करतो. धाकटी बहीण बारावीला आहे. कोरियाच्या त्या सात पोरांच्या बीटीएसची फॅन. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत एका भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, रमाई. दुसऱ्या भिंतीवर ही सात गोरीपान पोरं. आईनं एकदाच विचारलं, हे कुठले? ‘कोरियाचे.’ ‘बुद्ध मानतात का?’ ‘काही काही मानतात तिकडे.’ प्रश्न मिटला.

नवीन गाणं यायचं असलं की घरात सणाची धामधूम. ग्रुपवर स्ट्रीमिंगचे नियम येतात, ती ते वहीत उतरवते. गाणं सलग लूपवर लावायचं नाही. मध्ये दुसरी दोन-तीन गाणी घालायची. आवाज बंद ठेवायचा नाही. तीस सेकंदांच्या आत पुढे ढकलायचं नाही, कारण स्पॉटिफायवर तीस सेकंदांनंतरच ऐकणं मोजलं जातं. स्टेशनहेड नावाच्या ॲपवर एकजण गाणी लावतो, हजारो जण आपापल्या खात्यावरून एकाच वेळी ऐकतात आणि प्रत्येकाचं ऐकणं वेगळं मोजलं जातं. अमेरिकेतल्या पोरी झोपल्या की इकडच्या बसतात. पाळ्या आहेत, बदली आहे, सगळं गोदीसारखं. २०२० च्या ऑगस्टमध्ये त्यांचं ‘डायनामाइट’ बिलबोर्डच्या यादीत पहिल्या नंबरवर गेलं, त्यात गाण्याइतकाच फॅनांचा जोर होता.

मी विचारलं, ‘मध्ये दुसरी गाणी कशाला घालायची?’ म्हणाली, ‘नाहीतर त्यांच्या मशिनला वाटतं आपण माणूस नाही, आणि मग मोजत नाहीत.’

तिनं सहज सांगितलं. मला मात्र ते वाक्य पुढचे चार दिवस बोचत राहिलं. पोरगी रात्री दोनला उठून आपण माणूस असल्याचा पुरावा मशिनला देते. आपल्या माणसांना हा धंदा नवा आहे का? तळ्याच्या काठावर, देवळाच्या पायरीवर, शाळेच्या दाराशी हाच पुरावा देत आलोत ना आपण? पण तिथं निदान पुरावा दिल्यावर पाणी मिळवायचं होतं. इथं काय मिळवायचंय? ज्या कंपनीचे ते सातजण, ती ह्याच प्रेमाच्या जोरावर २०२० च्या ऑक्टोबरमध्ये कोरियाच्या शेअर बाजारात उतरली. पोरींचं जागरण शेअरच्या भावात गेलं. माझ्या बहिणीच्या वाट्याला डोळ्यांखालची काळी वर्तुळं.

आधी व्ही लाइव्ह नावाचं ॲप होतं, २०१५ चं. कलाकार त्यावर थेट बोलायचे आणि त्यांच्या बोलण्याचं देशोदेशीच्या भाषांत भाषांतर कोण करायचं? फॅन. फुकट. शाळेतली पोरं कोरियन शिकून ओळ न् ओळ उतरवायची. २०२२ च्या डिसेंबरअखेर ते बंद झालं. मालकांचा व्यवहार झाला, वीव्हर्स नावाच्या दुसऱ्या दुकानात चला म्हणाले, पोरं चालली. भाषांतर करणाऱ्यांना विचारायला कुणी गेलं असेल असं मला वाटत नाही. जहाज दुसऱ्या बंदरात वळवताना हमालाला कोण विचारतं?

हे सगळं मी बहिणीला ऐकवलं. जोरात ऐकवलं. भाऊ असल्याचा माज होता, कवी असल्याचाही होता. ती शांतपणे म्हणाली, ‘दादा, तिथं मला कुणी आडनाव विचारत नाही.’

मित्रा, ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही धड नाही. मनिलाची एक, ब्राझीलची एक, लखनौची एक आणि वडाळ्याची ही, चौघी मिळून रात्री गाणं ऐकतात आणि चौघींना एकमेकींची जात ठाऊक नाही. आपल्या वर्गात, आपल्या क्लासमध्ये, आपल्या नोकरीच्या मुलाखतीत अशी अर्धी घटका तरी मिळते का? पुढे म्हणाली, ‘आणि आम्ही नुसतं ऐकत नाही.’ २०२० च्या जूनमध्ये, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडला पोलिसानं मारल्यावर, बीटीएसनं काळ्या लोकांच्या चळवळीला दहा लाख डॉलर दिले. फॅनांनी त्याला जोड म्हणून आणखी दहा लाख डॉलर जमवले, एका दिवसाच्या आसपास. पाच-दहा डॉलरच्या पावत्या करून. आपल्या किती संघटनांना एका दिवसात वस्तीतून पंचवीस हजार जमवता येतात? मला माहीत आहे. मी पावतीबुक घेऊन फिरलोय.

तेव्हा फॅन म्हणजे मूर्ख, हे मी लिहिणार नाही. त्यांच्याकडे शिस्त आहे, पाळी आहे, हिशोबाची वही आहे. फक्त माल दुसऱ्याचा आहे आणि टॅलीवालाही दुसऱ्याचाच.

ह्याहून हलकट प्रकार थेट दाखवण्याच्या ॲपांचा. बघणाऱ्यानं पैसे देऊन गुलाब पाठवायचा, सिंह पाठवायचा. समोरच्यानं हात जोडून नाव घ्यायचं, फर्माईश पुरी करायची. लोक म्हणतात, काय नवीन शोध लागला! आयला, ह्याला दौलतजादा म्हणतात. तमाशाच्या बोर्डावर आपल्या आयाबहिणींनी पिढ्यान् पिढ्या ही दौलतजादा झेलली. खालून नोट हलायची, बाईनं नाचत यायचं, पैसे देणाऱ्याचं नाव घ्यायचं, पुन्हा त्याचीच लावणी. त्या पैशावर सगळं गाव टाळ्या पिटायचं आणि सकाळी त्याच बाईला विहिरीवर चढू द्यायचं नाही. पण एक होतं. नोट डोळ्यांसमोर पडायची. दिसायची. ॲपमधला गुलाब वाटेत किती पाकळ्या गाळून हातात येतो हे झेलणाऱ्याला कळतच नाही.

उदाहरण देतो. २०२२ मध्ये बीबीसीनं सीरियातल्या निर्वासितांच्या छावण्यांचा शोध घेतला. घरदार गेलेली कुटुंबं, लहान पोरं पुढ्यात घेऊन, तासन् तास टिकटॉकवर थेट बसून गुलाब मागत होती. बीबीसीनं स्वतः १०६ डॉलरची भेट पाठवून बघितली. पलीकडच्या खात्यात ३३ डॉलर उतरले. कंपनी म्हणाली, आमचा वाटा एवढा नसतो आणि असं भीक मागणं आमच्या नियमात बसत नाही. नियमात काय बसतं ते सोड. १०६ गोणी चढल्या आणि ३३ उतरल्या, तर आमच्या धक्क्यावर पोलीस येतात.

आपल्याकडे टिकटॉक २९ जून २०२० ला बंद झालं, आणखी ५८ ॲपांबरोबर. वीसेक कोटी माणसं त्यावर होती. त्यात पांढरपेशे नाक मुरडायचे ती सगळी पोरं होती: ऊसतोडीची, वीटभट्टीची, नाक्यावरची, बांधावर नाचणारी. चीनशी सीमेवर भांडण झालं, सरकारनं एका रात्रीत कुलूप लावलं. चीनशी भांडायचं का नाही तो वेगळा विषय. मला दिसलं ते एवढंच, की कोट्यवधी माणसांनी स्वतःचा म्हणून उभारलेला फड एका आदेशानं उठला आणि एकाच्याही हातात सातबारा नव्हता. पोरं दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानात नाचू लागली. पहिल्यापासून. शून्यावरून.

शून्यावरून आठवलं. आमच्या गल्लीत एक म्हातारे शाहीर आहेत. जलशाच्या काळातला आवाज, हार्मोनियमचा भाता फाटलाय पण गळा शाबूत. गेल्या वर्षी आम्ही पोरांनी पैसे काढून त्यांची चार गाणी एका मित्राच्या खोलीत गोधड्या लावून रेकॉर्ड केली आणि एका ॲपवर चढवली. वर्षभरात एक गाणं सहाशेच्या वर वेळा ऐकलं गेलं, बाकीची त्याच्या आत. आबा रोज विचारायचे, ‘काय आलं का रं?’ पाच-दहा रुपये येतील, त्याचा चहा पाजू, असा आमचा हिशोब. काहीच आलं नाही. कारण हजाराच्या आतलं गाणं गाणं नाहीच, असा नियम निघाला. स्पॉटिफायनं २०२४ पासून हे उघड करून टाकलंय: बारा महिन्यांत हजार वेळा ऐकलं गेलं नाही तर त्या गाण्याला छदाम नाही. अशा गाण्यांचे पैसे मोठ्या गाण्यांच्या वाट्याला जातात. म्हणजे सहाशे माणसांनी खरोखर ऐकलं, कुणी रडलंसुद्धा असेल, आणि ते ऐकणं उचलून ज्यांच्याकडे ढीग आहे त्यांच्या ढिगावर टाकलं. गावकुसाची ही नवी मापं बघा. हजाराची वेस आहे. वेशीबाहेर राहणाऱ्याच्या श्रमाचा वाटा वेशीच्या आत जमा.

आणि वेस ओलांडली तरी? तमिळमधलं ‘एन्जॉय एन्जामी’ तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, आपल्या मिरवणुकांत वाजलंय. २०२१ सालचं. अरिवूनं त्यात आपल्या आजीची, भूमिहीन मजुरांची कहाणी घातली. कोट्यवधी वेळा ऐकलं गेलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका मोठ्या संगीत मासिकाच्या भारतीय आवृत्तीनं मुखपृष्ठावर ह्या गाण्याचं कौतुक छापलं आणि अरिवूलाच वगळलं. पा. रंजित ओरडला तेव्हा लोकांना दिसलं, की ज्याचे शब्द तोच गायब. पुढे २०२४ च्या मार्चमध्ये संगीतकार संतोष नारायणन यांनी जाहीर सांगितलं, की त्या गाण्याचा एक पैसाही आजवर त्यांना किंवा दोन्ही गायकांना मिळालेला नाही. कोण खातं, कुणाच्या खात्यात अडकतं, ते त्यांचे वकील बघतील. आपण काय केलं? आपण आणखी दहा वेळा ऐकलं. अभिमानानं. स्टेटस ठेवला. मीही ठेवला होता.

आता तुझ्या आवडत्या विषयावर येतो मित्रा. प्रश्नोत्तरांच्या साइट. तू लिहिलंस, की तिथं आपली पोरं ‘वैचारिक लढाई’ लढतायत.

मी तिथं दीड वर्ष लढलो. साइटचं नाव घेत नाही, घेऊन काय उपयोग. कवितेसाठी घेतलेल्या नावानं गेलो होतो. कुणीतरी तक्रार केली, ‘खरं नाव टाका’ असा निरोप आला. टाकलं. आडनावासकट. त्याच्या आदल्या दिवसापर्यंत माझ्या उत्तराखाली ‘छान माहिती’, ‘अभ्यासपूर्ण’ असं यायचं. आडनाव आल्यावर तीच माणसं विचारायला लागली, किती टक्क्यांवर पास झालात? मी गोदीतल्या कामगारांच्या विम्याबद्दल लिहिलं होतं! दहावीला किती पडले ह्याचा विम्याशी काय संबंध? पण आडनावाचा सगळ्याशी संबंध असतो. क्वोरानंसुद्धा २०२१ पर्यंत खऱ्या नावाचा नियम ठेवला होता. अमेरिकेतल्या साहेबाला वाटतं, खरं नाव म्हणजे जबाबदारी. त्याला काय माहीत, आपल्याकडे खरं नाव म्हणजे दाखला.

आणि प्रश्न कुठले? ‘आरक्षण दहा वर्षांसाठी होतं ना, मग अजून का?’ हा एकच प्रश्न कपडे बदलून मी दीड वर्षात किती वेळा पाहिला त्याची गणती नाही. दर वेळी आपलं कुणीतरी पोर, परीक्षेचा अभ्यास बाजूला टाकून, रात्री एकला बसून उत्तर लिहितं: दहा वर्षांची मुदत लोकसभा-विधानसभेच्या राखीव जागांना, कलम ३३४; नोकरी-शिक्षणातल्या आरक्षणाला अशी मुदत घटनेत नाहीच; आणि राखीव जागांची मुदत संसदेनंच वेळोवेळी वाढवली, १०४ व्या दुरुस्तीनं २०३० पर्यंत. बरोबर लिहितं पोरगं. मन लावून लिहितं. आठ दिवसांनी तोच प्रश्न. जसा काही कुणी वाचलंच नाही.

वाचायचं नव्हतंच कुणाला. २०१८ मध्ये क्वोरानं पैसे द्यायची योजना काढली, ती कुणाला माहीत आहे का? उत्तर देणाऱ्याला नव्हे. प्रश्न विचारणाऱ्याला. ज्या प्रश्नावर जास्त लोक येतील, जाहिराती जास्त दिसतील, त्याच्या विचारणाऱ्याला पैसा. मग कुठला प्रश्न चांगला? ज्यानं आग लागते तो. आपल्या जखमेत बोट घालणं हा धंदा झाला, आणि आपण किंचाळलो की त्याचा गल्ला वाजायचा. शिवी त्याची, उत्तर आपलं, जाहिरात कंपनीची. ह्या व्यवहारात फुकट कोण राबलं ते बोल.

हे फक्त आपल्यापुरतं नाही, तेही सांगतो, नाहीतर म्हणशील प्रत्येक गोष्टीत जात आणतो. स्टॅक ओव्हरफ्लो म्हणून कॉम्प्युटरवाल्यांची साइट आहे, २००८ ची. जगभरच्या लोकांनी एकमेकांच्या अडचणी फुकट सोडवल्या. २०२१ मध्ये ती एक अब्ज ऐंशी कोटी डॉलरला विकली गेली. २०२४ च्या मे महिन्यात तिनं त्या उत्तरांवरून यंत्राला शिकवायचा करार ओपनएआयशी केला. काहींनी रागानं आपलीच उत्तरं पुसायला घेतली, तर त्यांची खाती काही दिवसांसाठी बंद केली आणि उत्तरं परत जागेवर ठेवली. आपण लिहिलेलं आपल्याला पुसताही येत नाही! याहू आन्सर्सचं उलटं झालं: २००५ ला सुरू, ४ मे २०२१ ला बंद, सोळा वर्षांचं लोकांचं लिहिणं गोदामासकट जाळल्यासारखं गेलं. ठेवायचं त्यांच्या मर्जीनं, जाळायचंही त्यांच्याच मर्जीनं.

आता यंत्रच उत्तर देतं. मी विचारून पाहिलं, आरक्षण का? गुळगुळीत उत्तर आलं. एका बाजूचं म्हणणं असं, दुसऱ्या बाजूचं तसं. रात्री एकला बसून लिहिणाऱ्या त्या पोराचं कलम ३३४ त्यात होतं. त्या पोराचा राग तेवढा चाळून टाकला होता, तांदळातल्या खड्यासारखा.

कुणी म्हणेल, मग काय प्रश्नांना उत्तरंच द्यायची नाहीत? अरे, सवाल-जवाब आपल्या रक्तात आहे. कलगीवाले-तुरेवाले रात्रभर कोड्यांवर कोडी घालायचे. जोतीरावांनी १८७३ ला ‘गुलामगिरी’ लिहिली तीच धोंडिबाच्या प्रश्नांची आणि जोतीरावांच्या उत्तरांची. पण धोंडिबा विचारतो ते त्याला जाणून घ्यायचंय म्हणून. विचारण्याचे पैसे त्याला कुणी देत नाही. आणि मिलिंदप्रश्न? विहारात किती वेळा वाचतो आपण, एवढं ध्यानात घेत नाही. मिलिंद राजा वाद घालायला येतो तेव्हा नागसेन आधी अट घालतो. पंडितांसारखा बोलणार असशील तर बोलतो, राजासारखा बोलणार असशील तर नाही. पंडित हरला तर हरलो म्हणतो, रागावत नाही. राजाला पटलं नाही की तो शिक्षा फर्मावतो. मित्रा, ज्या साइटवर माझं उत्तर पटलं नाही की चाळीस जणांनी तक्रारीचं बटण दाबायचं आणि मालकानं ते झाकून टाकायचं, तिथं माझ्यासमोर पंडित आहे का राजा? नागसेनानं विचारलं ते आपण का विचारत नाही?

आता शेवटचं आणि आपल्याच पायावर. तुला राग येईल.

१४ एप्रिलला आपल्या पोरांचं काय चालतं? कुणाचा व्हिडिओ किती लाखांवर गेला, कुठल्या गायकाचे किती फॉलोअर, कुठल्या नेत्याच्या लाइव्हला किती माणसं. दुसऱ्या गटाच्या गाण्याला डिसलाइक मारायला ग्रुपवर हुकूम निघतात. निघतात का नाही? मी स्वतः पाहिलेत. सात कोरियन पोरांसाठी जागणाऱ्या माझ्या बहिणीला हसायचं आणि आपण आपल्या दादा-भाऊंचे फॅन व्हायचं! बाबासाहेबांनी १९४३ ला पुण्यात रानड्यांवर बोलताना विभूतिपूजेला फटकावलं. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत पुन्हा बजावलं, की धर्मात भक्ती आत्म्याला तारत असेल, राजकारणात ती हुकूमशाहीकडे नेते. आपण त्या भाषणाचं रील केलं, मागे म्युझिक टाकलं आणि व्ह्यू मोजत बसलो. मोजणारा पुन्हा कंपनीचाच.

डिलिव्हरीची पोरं आपल्यापेक्षा शहाणी निघाली. रस्त्यावर उतरली, बॅगा ठेवल्या, ॲप बंद केलं. राजस्थानात २०२३ ला त्यांच्यासाठी कायदा करावा लागला, नोंदणी आणि कल्याण मंडळाचा. अपुरा असेल, अंमल कसा होतो तो भाग वेगळा. पण कागदावर लिहिलं गेलं की हा कामगार आहे. गाणं ऐकणारी, भाषांतर करणारी, रात्री एकला उत्तर लिहिणारी पोरं कुठल्याच कागदावर नाहीत. त्यांना लोक फॅन म्हणतात, युजर म्हणतात. आज्याच्या आधीच्या पिढीला ‘कुली’ म्हणायचे, तो शब्दही तसाच होता. काम दिसायचं, कामगार दिसायचा नाही.

बहिणीला मी पुन्हा विचारलं, ह्या वेळी माज न करता. ‘तुझी ती वही दाखव.’ दाखवली. तारीख, वेळ, कुठल्या ॲपवर, किती जणी बसल्या, किती वेळा वाजलं, आणि शेजारी ॲपनं दाखवलेला आकडा. तिनं दोन रकाने केले होते. मी विचारलं, दोन कशाला? म्हणाली, ‘त्यांचा आणि आमचा जुळत नाही ना कधीकधी. मग आम्ही सगळ्या मिळून कंपनीला मेल करतो.’

मी आज्याला वही नेऊन दाखवली. त्याला दिसतं कमी. रेघांवर बोट फिरवलं आणि म्हणाला, ‘ही कुठल्या धक्क्यावर हाय?’

तेव्हा असं ठरलंय. शाहीर आबांची आणखी बारा गाणी रेकॉर्ड करायची. कुठल्या ॲपवर चढवायची का नाही ते नंतर. आधी मूळ रेकॉर्डिंग आपल्याकडे तीन ठिकाणी ठेवायचं आणि हक्काचा कागद आबांच्या नावानं करायचा. आपल्या वस्तीत, कॉलेजात, विहारात जिथं जिथं वाजेल त्याची नोंद बहिणीच्या वहीत. दर ऐकणाऱ्यानं एक रुपया, पावतीसकट. प्रश्नोत्तरांवर ज्यांनी आजवर लिहिलं त्यांनी आपली उत्तरं उतरवून आणावीत. त्यातली निवडक ह्या अंकाच्या पुरवणीत छापू, म्हणजे कुणाला झाकता येणार नाहीत. आरक्षणाचं दहा वर्षांचं उत्तर एकदाच, एका पानावर, आणि पुन्हा कुणी विचारलं तर त्या पानाचा फोटो फेकायचा आणि झोपायचं. रात्री एकला जागायचं असेल तर परीक्षेसाठी जागा.

मित्रा, तूही ये. तुझ्याकडे माइक चांगला आहे असं ऐकलं. रविवारी सकाळी दहाला, विहारात. माझी नाइट असते, मी थेट गेटवरून येईन, पंधरा मिनिटं उशीर होईल. येताना एक्स्टेंशन बोर्ड आणा, तिथं प्लग एकच आहे आणि तो पंख्याला लागतो.